विषयाबाहेरचा प्रश्न

माझ्या मुलीच्या वाट्याला आठवीत कॅन्सस आलं. सोशल स्टडीजच्या बाईंनी वर्गाचं सिनेट केलं होतं आणि टोपीत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक भूमिका वाटली होती. काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सहा-सात वर्षं आधीचा. पश्चिमेला कॅन्सस आणि नेब्रास्का असे दोन मोठे प्रदेश वस्तीसाठी खुले व्हायचे होते. तिथे गुलामी चालू द्यायची का, आणि ते कोणी ठरवायचं, यावरून देश भांडत होता. आधीची तीस-पस्तीस वर्षं नकाशावर एक रेघ होती. मिसुरी सोडलं तर त्या रेघेच्या उत्तरेला गुलामी नाही, असं ठरलेलं. नवं विधेयक म्हणत होतं, रेघ पुसा, तिथे राहायला जातील त्यांनाच मत देऊन काय ते ठरवू द्या. हे विधेयक मांडणाऱ्या सिनेटरची चिठ्ठी माझ्या मुलीने उचलली.

बाईंनी पालकांना सविस्तर ईमेल पाठवली होती. गुलामी चांगली की वाईट यावर वर्गात चर्चा होणार नाही, ती वाईटच होती, चर्चा फक्त निर्णय कोणी घ्यायचा एवढ्यावरच होईल, असं त्यात दोनदा लिहिलेलं होतं. मला ती ईमेल आवडली. विषयाची चौकट नीट आखलेली असली की बोलायला सोपं जातं.

माझं सांगायचं तर मी वादविवादात वाढले. नागपूरला इंजिनिअरिंगला होते तेव्हा आमच्या कॉलेजकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जायचे, आणि रिकाम्या हाताने फारशी परत यायचे नाही. माहेरी शोकेसमध्ये अजून सहा करंडक आहेत, आई त्यांच्यावरची धूळ दिवाळीला पुसते. आमचे सर सांगायचे, बाजू तुमची नसते, चिठ्ठीची असते. चिठ्ठीवर ‘अनुकूल’ आलं तर अनुकूल, ‘प्रतिकूल’ आलं तर प्रतिकूल, आणि दोन्हीकडून तितक्याच पोटतिडकीने बोलता आलं पाहिजे. प्रश्न आला की तीन सेकंदांत उत्तर गेलंच पाहिजे. चुकीचं गेलं तरी परवडतं, गप्प राहिलेलं परवडत नाही. आणि समोरच्याने अगदीच अडचणीत आणलं, तर शांतपणे म्हणायचं, “माझ्या मित्राने विषय सोडून प्रश्न विचारला आहे.” हे वाक्य हमखास टाळ्या घ्यायचं. मी ते किती वेळा वापरलं असेल, त्याचा हिशेब नाही.

एका वर्षी विषय आरक्षणाचा होता. मला ‘प्रतिकूल’ची चिठ्ठी आली आणि मी जिंकले. माझी रूममेट राखीव जागेवर आलेली होती. तिने माझं भाषण स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं आणि स्पर्धेच्या वेळी पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या. पुढच्या सेमिस्टरला तिने खोली बदलली. गावाकडच्या मुलींबरोबर राहायचंय, म्हणाली. मला ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

तर मुलीने चिठ्ठी दाखवली आणि मला चेव आला. वीस वर्षं नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत राहून औषध कंपन्यांच्या आकडेवारीच्या फायली तपासणाऱ्या बाईला दुसरं काय हवं? माझा नवरा पुण्याचा, तो लॅपटॉप उचलून वरच्या मजल्यावर गेला. “तुमचं सिनेट चालू द्या, मला मीटिंग आहे,” म्हणाला. त्याला नव्हती मीटिंग.

आम्ही आठवडाभर किचन आयलंडच्या ओट्याशी बसून तयारी केली. मुद्दे मराठीत निघायचे, कार्डावर इंग्रजीत उतरायचे. मुलगी माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलते, पण समजतं तिला सगळं. मुख्य वाक्य मी तिच्याकडून घोटून घेतलं. तिथल्या लोकांना ठरवू द्या. हजार मैलांवर बसलेल्या वॉशिंग्टनने का सांगावं? ज्यांची जमीन, ज्यांचा घाम, त्यांचा निर्णय. ‘लोक’ या शब्दाआधी किंचित थांब, मी तिला सांगितलं. थांबलं की शब्दाला वजन येतं.

मी गुलामीच्या बाजूने बोलायला शिकवते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. तो सिनेटर तरी कुठे गुलामीच्या बाजूने बोलत होता? तिथल्या मतदारांनी हवी म्हटलं काय, नको म्हटलं काय, माझं काही म्हणणं नाही, असाच त्याचा पवित्रा. मला तर तो मनुष्य आमच्या सरांचा विद्यार्थी शोभेल असा वाटला.

विरोधी बाजू काय विचारेल याची आम्ही यादी केली. जुन्या रेघेचं काय, दक्षिणेकडचे सिनेटर एवढे खूश का, वगैरे. शेवटी मुलीने पेन चावत विचारलं, “अँड व्हॉट इफ समबडी आस्क्स अबाउट द स्लेव्ह्ज? म्हणजे त्यांनाच का नाही विचारायचं?”

“विषय काय आहे? निर्णय सिनेटचा की मतदारांचा. मग हा प्रश्न विषयात बसतो का?”

“नो.”

“मग म्हणायचं, दॅट क्वेश्चन इज नॉट बिफोर द हाउस. आणि पुढे जायचं. एक्स्प्लेन करत बसायचं नाही.”

तिने ते कार्डावर लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता तिच्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. दुसरीपासूनची मैत्रीण, आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, तळ्याच्या पलीकडच्या बाजूला घर. आई हॉस्पिटलात नर्स. सकाळी दोघींना मी शाळेत सोडायचे, दुपारी तिची आई आणायची. बाकीच्या मराठी मुली मला मावशी म्हणतात हे ऐकून तीही मावशी म्हणू लागली होती. तिचं ‘मावशी’ ऐकायला ‘मौशी’सारखं यायचं, पण म्हणायची न चुकता. आमच्याकडचं थालीपीठ तिला माझ्या मुलीपेक्षा जास्त आवडायचं, ते लोणी लावून खायचं असतं हेही तिला ठाऊक होतं. वर्गात ती एकटीच ब्लॅक मुलगी. बाईंनी तिला चिठ्ठी उचलायला लावलीच नव्हती. तिला सिनेटचा क्लार्क केलं होतं. विधेयक वाचून दाखवायचं, नावं पुकारायची, मतं मोजायची. बाईंनी ते तिला जपण्यासाठी केलं असणार. मला तेव्हा वाटलं, बरी सुटली, तयारी नको करायला.

गुरुवारी चर्चा झाली. दुपारी मुलगी घरी आली ती उड्या मारतच. दप्तर टाकलं आणि आधी स्वतः सिनेटर होऊन, मग विरोधी बाजू होऊन सगळं करून दाखवलं. विधेयक पास झालं होतं. मुख्य वाक्याला ती थांबली तेव्हा वर्ग एकदम शांत झाला म्हणे.

मतं मोजून झाल्यावर क्लार्कने निकाल वाचला. मग खाली न बसता हात वर केला आणि म्हणाली, सिनेटरना एक प्रश्न विचारायचाय. बाई जराशा गडबडल्या, पण विचार म्हणाल्या. तिने विचारलं, तुम्ही म्हणालात तिथल्या लोकांना ठरवू द्या. ज्यांना मालक तिथे घेऊन जाणार, ते तिथेच राहणार ना? मग ते तिथले लोक नाहीत का?

“अँड आय वॉज सो फास्ट, आई,” मुलगी म्हणाली. “आय सेड, दॅट क्वेश्चन इज नॉट बिफोर द हाउस. अँड एव्हरीबडी क्लॅप्ड.”

मी तिला टाळी दिली. हे मी लपवत नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर मला अभिमान वाटला. तीन सेकंदसुद्धा लागले नाहीत, असंही मी म्हणाले.

संध्याकाळी मैत्रिणीच्या आईचा मेसेज आला. उद्यापासून सकाळीही मीच सोडीन, आजवर नेल्याबद्दल आभारी आहे. एवढाच. स्मायली नाही, काही नाही. शुक्रवारी मुलगी शाळेतून आली ती सरळ खोलीत गेली. जेवायच्या सुट्टीत ती मैत्रिणीच्या टेबलाशी गेली होती. मैत्रिणीने शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलली नाही. मुलगी लायब्ररीत जाऊन बसली. डबा भरलेला तसाच परत आला होता. सहा वर्षांत त्या दोघी वेगळ्या जेवल्या असतील तर एखादी आजारी असेल तेव्हाच.

“शी वोंट लुक ॲट मी,” मुलगी म्हणाली. “आय डिडन्ट इव्हन से एनिथिंग मीन.”

खरंच म्हणाली नव्हती. तेच तर वाईट होतं. मी तिच्या पलंगाच्या काठावर बसले आणि ते कार्ड मागितलं. दोन रेघांवरचं ते वाक्य पहिल्यांदाच प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या बाजूने वाचलं. मग मला ‘लोक’ हा शब्द सतावू लागला. आपल्याकडे घर घेताना पहिला प्रश्न असतो, आपले लोक आहेत का तिथे? हे घर घेतलं तेव्हा सासूबाईंनी पुण्याहून फोनवर तेच विचारलं आणि मी बोटांवर मोजून सांगितलं होतं, आहेत की, चार घरं आपल्या लोकांची. त्यात एक तेलुगू होतं, एक गुजराती. तेही मोजले. पुढे कोणी विचारलं की मी तसंच मोजत आले. तळ्यापलीकडचं घर, जिथल्या मुलीला मी सहा वर्षं रोज सकाळी शाळेत सोडत होते, ते माझ्या मोजणीत कधीच आलं नाही. मला लाज वाटली. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच असंही वाटलं, की माझ्या रूममेटला गावाकडच्या मुलींबरोबर वगैरे काही राहायचं नसणार.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. कोणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेतला होता. त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी लावली आणि तो डबा मला लाच वाटू लागला. गाडीतच ठेवला.

मैत्रिणीची आई पोर्चवर कुंड्यांमधली माती बदलत होती. हातमोजे तसेच ठेवून तिने मला बसायला खुर्ची दाखवली. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण मला ते आता मराठीतच आठवतं. जित्याची खोड म्हणतात तशी मी बचावानेच सुरुवात केली. म्हणाले, गैरसमज नसावा. ती असाइनमेंट होती. चिठ्ठीत आलेली बाजू होती. माझ्या मुलीचं ते मत नाही, ती तशी मुलगी नाही, तुम्ही ओळखता तिला.

“ओळखते ना,” ती म्हणाली. “ती बाजू कुणाला तरी घ्यावीच लागणार होती. माझ्या मुलीला त्याचं काही वाटलेलं नाही.”

मग तिने एक गोष्ट सांगितली, अगदी साधेपणाने, माती चाळता चाळता. तिचं घराणं इथलंच, याच भागातलं, आमची सबडिव्हिजन उभी राहिली त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. तिच्या आजीच्या घराण्यात, गुलामीच्या काळात, दोन बहिणी होत्या. इथल्या जमिनींचा कस गेला तेव्हा मालकाचा एक मुलगा पश्चिमेला मिसुरीत शेती करायला निघाला आणि वाटणीत आलेली धाकटी बहीण घेऊन गेला. थोरली इथेच राहिली. तिच्यापासून पुढे या सगळ्यांची वंशावळ आहे. धाकटीचं पुढे काय झालं ते कोणाला माहीत नाही. तिचं नावसुद्धा घरात कोणाला ठाऊक नाही.

“माझ्या मुलीला हे लहानपणापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “मिसुरीच्या पलीकडे कॅन्सस, हे तिने नकाशावर बोट ठेवून मला दाखवलं होतं. म्हणून तिने विचारलं. तिला वाटलं, आपली मैत्रीण जरा थांबेल. विचार करेल. हरायचं नसेल तर हरू नकोस, पण थांब तरी. माझी मुलगी घरी येऊन एवढंच म्हणाली, की तिच्याकडे उत्तर तयार होतं.”

यावर मला काही तरी बोलायचं होतं. काय बोलायचं तेही तयार होतं. मुलं आहेत, भरात बोलून जातात, आपण मोठ्यांनी मध्ये पडू नये. हे सगळं खपलंही असतं. माझ्या मुलीच्या माथी ते वाक्य तसंच राहिलं असतं आणि माझं कुठेही नाव आलं नसतं.

“ते उत्तर मी दिलं होतं तिला,” मी म्हणाले. “तिने मला नेमका हाच प्रश्न विचारला होता. मीच सांगितलं असं म्हण म्हणून.”

तिने हातमोजे काढले. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. “मग हे मला कशाला सांगताय?” म्हणाली आणि आत वळून मुलीला हाक मारली.

मुलगी जाळीच्या दाराआड येऊन उभी राहिली. दार तिने उघडलं नाही. आई म्हणाली, यांना तुझ्याशी बोलायचंय. “येस, मॅम?” ती मला म्हणाली. इकडच्या घरांमध्ये मोठ्या बाईशी असंच बोलायला शिकवतात, त्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. पण सहा वर्षं मी तिची मावशी होते. कोणी कानाखाली दिली असती तर इतकं लागलं नसतं.

मी सॉरी म्हटलं. ते वाक्य माझं होतं, माझ्या मुलीचं नव्हतं, आणि ते मी शिकवायला नको होतं, असं सांगितलं. पुढे मी आमच्याकडच्या स्पर्धांबद्दल, चिठ्ठ्यांबद्दल सांगायला लागले, आणि माझ्याच लक्षात आलं की मी पुन्हा बाजू मांडते आहे. गप्प बसले.

“पण मग उत्तर काय आहे?” तिने विचारलं. “तुमचं?”

जाळीतून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. तिची आई कुंड्यांकडे बघत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही.

“होते,” मी म्हणाले. “ते तिथलेच लोक होते. आधी त्यांनाच विचारायला हवं होतं.”

“ओके,” ती म्हणाली. मग आईकडे वळून, “जाऊ मी आत?” आणि गेली.

कारपूल पुन्हा सुरू झाला नाही. आता दोघी अकरावीत आहेत, शाळेच्या बँडमध्ये एकाच रांगेत क्लॅरिनेट वाजवतात, भेटल्या की नीट बोलतात. एकदा शाळेच्या फुटबॉल सामन्यात बँड वाजवून झाल्यावर मी दोघींना एकत्र हसताना पाहिलं आणि गाडीत बसून राहिले, लवकर हाक मारली नाही. पण आमच्या घरी ती त्यानंतर आलेली नाही. ज्या बाईंनी वर्गाचं सिनेट केलं, त्यांनी पुढच्या वर्षीपासून तो तास बंद केला असं ऐकलं. मला त्यांची कीव आली. त्यांनी चौकट अगदी नीट आखली होती.

त्या शनिवारी मी घरी आले तेव्हा मुलगी किचनमध्ये सीरिअल खात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. दोन बहिणींचंही सांगितलं. म्हणाले, चूक माझी होती, तुझी नव्हती. मी तुला चुकीचं उत्तर दिलं आणि तू बिचारी ते म्हणालीस. तिचा जीव हलका होईल अशी माझी कल्पना होती. आयांच्या अशाच कल्पना असतात.

तिने वाडगा सिंकमध्ये ठेवला, नळ सोडला, बंद केला. मराठी ती सहसा काही हवं असलं तरच बोलते. त्या दिवशी ती माझ्याकडे न बघता मराठीत बोलली.

“तिने विचारलं ना, तेव्हा खरं उत्तर मला आधी आलं होतं.”

“मग?”

“मग तुझं आठवलं. आणि मी तुझं म्हटलं.”

“का गं?”

“टाळ्या तुझ्यावाल्यालाच मिळणार होत्या.”